‘मालिश करा, पाय आपोआप सरळ होतील’ या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांची हाडं कोवळी असतात, वाकडे पाय चालायला लागल्यावर आपोआप सरळ होतात, मालिश, ऊन आणि कॅल्शियमचं सिरप पुरे, पाय दुखतात म्हणजे उंची वाढतेय, हात मोडला तर हाडवैद्याची पट्टी उत्तम, एक्स-रे आणि प्लास्टर हा पैसे काढायचा धंदा. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळे ‘हे खरं का हो?’ म्हणून तो माझ्याकडे येतच असतो. पूर्ण खोटा असता तर सोडून दिला असता.

वाकडे पाय सरळ होतात? कुठले वाकडे, ते आधी बघावं लागतं. दीड-दोन वर्षांपर्यंत बहुतेक मुलांच्या पायांना गुडघ्यातून बाहेर बाक असतो. तीन-चार वर्षांची मुलं उलट गुडघ्याला गुडघा लावून, पावलं लांब ठेवून उभी राहतात. सातव्या वर्षाच्या आसपास हे बहुतेकांचं सुधारतं. इथे आजी ‘होते ना सरळ, काहून घाबरता?’ म्हणते ते अगदी बरोबर आहे. पण बाक एकाच पायात असेल, दोन वर्षांनंतरही वाढत असेल किंवा मुलाची उंचीच खुंटली असेल, तर तपासणी हवी.

जन्मतःच पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली आणि तळवा आतल्या बाजूला बघणारा, हे प्रकरणच वेगळं. हा क्लबफूट, साधारण हजारात एका बाळाला असतो आणि कितीही तेल चोळलं तरी जात नाही. इग्नासियो पोन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवा इथे बसवलेली पद्धत आज जगभर वापरतात. दर आठवड्याला पाऊल हाताने हळूच थोडं बाहेर वळवायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळतं. टाच मात्र बहुतेकदा खाली येत नाही, म्हणून तिच्यामागची घट्ट कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, बारीकशा छेदाने मोकळी करतात आणि तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. हे जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करायचं असतं. ‘हाडं पक्की होऊ द्या’ हा सल्ला इथे उलटाच पडतो, कारण उपचार चालतो तो पावलाच्या कोवळेपणावरच.

खरी परीक्षा नंतर असते. दोन बूट आणि मधे दांडी असा ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचा. पाऊल छान दिसतंय, बाळ रडतंय, पाहुणे ‘काय हाल करता लेकराचे’ म्हणतायत, म्हणून ब्रेस माळ्यावर जातो. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

मालिशीला माझा विरोध नाही, बाळाला ती आवडते. मालिशीनंतर पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळून ठेवतात, त्याला मात्र आहे. त्याने खुब्याचा सांधा खोबणीतून सरकायचा धोका वाढतो. त्यापेक्षा आपलं कडेवर घेणं कितीतरी चांगलं, त्यात मांड्या फाकलेल्या राहतात. पायाळू बाळाचा किंवा घरात कुणाला हा त्रास असेल तर त्या बाळाचा खुबा दीड महिन्याच्या सुमारास सोनोग्राफीने बघून घ्यावा. तेव्हा खुब्याचा गोळा कूर्चेचा असतो, साध्या एक्स-रेत दिसत नाही.

आता ऊन. नागपूरला उन्हाची काय कमी! तरी इथे मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार, होतो, कारण ४५ अंशांत बाळ घरात कूलरसमोर असतं आणि काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. आईच्या दुधातही ते फार कमी असतं. म्हणून पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देतात. नुसतं कॅल्शियम सिरप पाजून ही उणीव भरत नाही. आणि साठ हजार युनिटची पुडी मनाने देत राहणं तर सरळ धोक्याचं.

‘पाय दुखतात म्हणजे उंची वाढतेय.’ विदर्भात या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. निरुपद्रवी दुखणं संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत असतं. सकाळी मूल उड्या मारतं. लंगडणं, सुजलेला सांधा, एकाच जागी दुखणं यात बसत नाही. ताप आणि पाय टेकवेना, तर सांध्यात पू असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो, त्याच रात्री दवाखाना गाठा. शिवाय आपल्याकडे सिकल, म्हणजे सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, आहे. सहा महिन्यांनंतरच्या बाळाचे हात-पाय एकदम सुजतात, मोठ्या मुलांना हाडं ठणकण्याचे झटके येतात, काहींच्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो. अशा पोराला वर्षभर कॅल्शियम पाजत बसायचं? सिकलची रक्ततपासणी सोपी आहे. ‘आमच्यात नसतो’ म्हणून ती टाळू नका.

हाडवैद्याचं नाव होतं, कारण मुलांची बरीच हाडं कशीही बांधली तरी जुळतात. कोपराच्या जरा वरचं हाड मात्र तसं नाही. संक्रांतीला पतंगापायी भिंतीवरून, गच्चीवरून पडणाऱ्या पोट्ट्यांचं हेच मोडतं. दंडाच्या हाडाची जेमतेम वीस टक्के वाढ कोपराकडून होते, म्हणून वाकडं जुळलं तर वाकडंच राहतं. त्याहून वाईट म्हणजे मुख्य रक्तवाहिनी तिथूनच जाते. सुजेवर घट्ट पट्टी बसली तर काही तासांत हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. बोटं हळूच सरळ करून बघा. मूल किंचाळलं, बोटं गार किंवा पांढरी पडली असतील, तर पट्टी लगेच सोडा आणि निघा.

राहिला पैशाचा आरोप. महागडी, नको ती तपासणी कुठेच लिहून देत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण क्लबफूटला लागतं ते साधं प्लास्टर आणि कापूस. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत हाडांचे विभाग आहेत, आणि २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आणि खुब्याचा दोष दोन्ही येतात. बाळंतिणीला सुट्टी मिळण्याआधी बाळाचे पाय आणि खुबे तपासले का, तेवढं सिस्टरना विचारून घ्या.