सोलकढी फिकी दिसली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी

हॉटेलात सोलकढी गडद गुलाबी आली की लोक खूश. फिकी आली की लगेच 'कोकम कमी घातलंय'. अहो, कोकमाचा रंग आंबट पाण्यात लालबुंद दिसतो, नारळाचा रस पडला की आंबटपणा उतरतो आणि रंगही. घरची कढी फिकट, जरा जांभळट गुलाबीच होते. ती गुलालासारखी चमकत असेल तर मला आधी बिटाचा संशय येतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमसुलांचा, म्हणजे वाळवलेल्या कोकमांचा भाव. 'एवढे पैसे? त्यापेक्षा चिंच काय वाईट!' हे दर मे महिन्यात ऐकते. चिंच अजिबात वाईट नाही. पण चिंच झाडावरच वाळते. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, पिकतो एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऊन आणि पाऊस यांच्या बेचक्यात. झाड उंच, फांद्या बारीक, वर चढणारी माणसं आता मिळत नाहीत. उतरवलेला रातांबा लगेच फोडावा लागतो, नाहीतर सडतो. फोडून बिया-गर वेगळा करायचा, त्या गराच्या रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. ही रसाची पुटं चुकवली की आमसूल नुसतं चामट होतं, आंबटपणा नावाला. आणि खळ्यात सालं पसरलेली असताना वळवाची एक सर आली की बुरशी. मिरगाच्या पावसात तर झाडाखाली रातांब्यांचा लाल चिखल होतो, तो कोणी उचलतही नाही.

झाडांचीही एक गंमत आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी पेरलं तर निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळतं सहा-सात वर्षांनी मोहर आल्यावर! म्हणून मादी झाडाची कलमं लावायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात पावसाआधी तयार होते, हा तिचा मोठा गुण. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, पण मानांकन झाडावर चढत नाही. चढणाऱ्याला मजुरी द्यायची तर आमसुलाला भाव हवा, एवढं साधं आहे.

आणि हेच लोक कोकम सरबताच्या बाटल्या मात्र डझनानं नेतात. सरबताला माझा विरोध नाही, पण त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. घरी करायचं तर ताज्या रातांब्याची सालं, त्यांच्या दुप्पट साखर, काचेची बरणी आणि आठवडाभर ऊन. पाण्याचा थेंबही नको. पितळ किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याच्या वाटेला जाऊ नका, आंबट त्याला खातं.

बियाही टाकत नाहीत आमच्याकडे. वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल गोळा करतात, ते थिजलं की मुठीत वळतात. तेच मुठेल. भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही. हेच 'कोकम बटर' म्हणून महागड्या डबीत विकलं जातं, तिथे मात्र भावाबद्दल कोणी बोलत नाही!

तर घ्यायचं काय? आमसूल मऊ, काळसर-लाल, बोटाला किंचित चिकटणारं घ्या. वर मिठाचा जाड थर असेल तर तुम्ही मीठ विकत घेताय. आमटीत डाळ शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर डाळ शिजता शिजत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळांबरोबर चार-पाच सोलं, म्हणजे आमसुलंच, पडली की चिंचेची आठवणही येत नाही. कढीसाठी जमलं तर आगळच, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस घ्या. फक्त आगळात आधीच भरपूर मीठ असतं, तेव्हा कढीत वरून मीठ घालण्याआधी चव घेऊन बघा.