दहावा भाग आणि सरवा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवड्यांपासून एकच वाद चाललाय, दशमांश, म्हणजे कमाईतला देवाला द्यायचा दहावा भाग, काढायचा तो कशावर. कापूस विकून आलेल्या पूर्ण पट्टीवर, की बियाणं खत फवारणी वेचणीची मजुरी सगळं वजा जाऊन हातात जे उरतं त्यावर? एकजण बायबलातलं मलाखीचं वचन टाकतो, दुसरा विचारतो की वजा करून काहीच उरलं नाही तर काय करायचं, आणि मग कोणीतरी लिहितं की बाहेरदेशी गेलेल्यांनी तरी पूर्ण पगारावर द्यायलाच पाहिजे, सभागृहाची स्लॅब बाकी आहे. हे शेवटचं माझ्यासारख्या दोन-तीन जणांना उद्देशून आहे हे सगळ्यांना कळतं. ग्रुपवर एवढं मोठं लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

मी दारव्हा तालुक्यातली, पाच वर्षं झाली जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस तूर सोयाबीन. माझे आजोबा यवतमाळच्या बायबल सेमिनरीत माळीकाम करायचे, ती सेमिनरी 1953 ला सुरू झाली आणि 1983 ला पुण्याला गेली, तेव्हा ते गावी परत आले. येताना सोबत काय आणलं असेल तर वचनं, अक्षरशः शेकडो वचनं तोंडपाठ. पैशाबद्दल बायबल काय म्हणतं हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

इथे आले तेव्हा नगरपालिकेत पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता, मी प्रोटेस्टंट लिहिलं, आणि पहिल्याच पगाराच्या स्लिपवर तीसेक युरो चर्चचा कर म्हणून कापलेले दिसले. जर्मनीत असंच आहे. तुम्ही चर्चचे नोंदलेले सभासद असाल तर इथल्या राज्यात तुमच्या इन्कमटॅक्सच्या 8 टक्के, बाकीच्या बऱ्याच राज्यांत 9 टक्के, परस्पर कापून चर्चला जातात. नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. माझ्या वॉर्डातल्या दोघींनी केलीये. 2022 या एका वर्षात इथल्या कॅथलिक चर्चमधून पाच लाखांहून जास्त लोक बाहेर पडले, सगळे काही करासाठी नाही, लहान मुलांवरच्या अत्याचारांची जी प्रकरणं बाहेर आली त्यामुळेही. रविवारी मी जाते त्या चर्चमध्ये वीस-पंचवीस म्हातारी माणसं असतात आणि आमच्या गावी नाताळाला लोक बाहेर पोत्यांवर बसतात. म्हणजे इथलं सगळं चांगलं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण एक गोष्ट मला पटली की इथे कोणाचं नाव वाचून दाखवत नाहीत. कोण किती देतो ते शेजारच्या बाकावरच्यालाही माहीत नसतं.

आमच्याकडे नाव वाचतात. 2017 ला वाचलं होतं, ते साल विदर्भातला कोणी विसरला नसेल, गुलाबी बोंडअळीचं. मध्यम धाग्याच्या कापसाला हमीभाव 4020 रुपये क्विंटल होता पण बोंडं फोडली की आत अळी आणि पिवळी पडलेली सरकी, भाव लावायचा कशाला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबांनी मंडळीत हात वर करून सांगितलं होतं की कंपाऊंडच्या भिंतीला पाच हजार देईन. हंगाम बुडाला तरी यादी निघाली, आणि भक्तीच्या शेवटी ज्यांचे आले त्यांची आणि ज्यांचे बाकी त्यांची अशी दोन्ही नावं वाचली. बाबा त्या आठवड्यात सावकाराकडे गेले, शेकडा पाच रुपये महिना. म्हणजे महिन्याला अडीचशे, वर्षाला तीन हजार, दोन वर्षांनी मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. मला हे फार उशिरा कळलं, मायनं इथे आल्यावर फोनवर सांगितलं. मी बाबांना म्हटलं देवाले द्यायसाठी कर्ज काऊन काढलं तुम्ही, तर म्हणाले, "लोकायसमोर नाव वाचलं होतं ना पोरी, मंग काय करू."

मला बाबांचा राग नाही आला, यादी वाचणाऱ्यांचाही नाही, ते पण आमच्यातलेच, त्यांच्याही घरी तेच हाल. पण तेव्हापासून दशमांशाची वचनं मी पुढचं-मागचं सोडून वाचत नाही. मलाखी 3:10 प्रत्येकाला पाठ आहे, दशमांश कोठारात आणा, आकाशकपाटं उघडतात की नाही पाहा. पण त्याच वचनात कारण दिलंय, माझ्या घरात अन्न असावं म्हणून. अन्न. आणि बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 14 व्या अध्यायात, स्पष्ट आहे की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना वाट्याची जमीन नव्हती), परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर जेवायचं. म्हणजे दशमांशावर ज्यांचा हक्क त्यात विधवा आहे. आणि आमच्या मंडळीत शेतकरी नवरा गेलेल्या दोन बाया आहेत, दोघींच्या डोक्यावर पीककर्ज, आणि त्यांची नावं बाकीवाल्यांच्या यादीत. हे मला सहन होत नाही.

येशूनं मार्कच्या शुभवर्तमानात, 7 व्या अध्यायात, कुर्बानबद्दल, म्हणजे देवाला वाहिलेल्या अर्पणाबद्दल, जे म्हटलंय ते तर आमच्याकडे कधी प्रवचनाला घेतलेलं मला आठवत नाही. आईबापाला ज्याची गरज आहे ते देवाला वाहिलंय असं सांगून हात झटकणारे लोक, त्यांना तो म्हणतो तुम्ही देवाचं वचन रद्द करता. म्हणून ज्यांनी मला विचारलं की तू पगारावर दशमांश देते का, त्यांना सरळ सांगते, पहिली दोन वर्षं मी बाबांचं सावकाराचं फेडलं, मग गावच्या सहकारी सोसायटीचं, आणि मी ते देवाचंच दिलं असं समजते.

दुसरा वाद कर्जमाफीचा, तो मंडळीतही आहे आणि चौकातल्या टपरीवरही. 2008 ला झाली, 2017 ला दीड लाखापर्यंत, 2019 ला दोन लाखापर्यंत, आणि प्रत्येक वेळी नियमित भरणारा म्हणतो की मग मी मूर्ख का. त्याचं चुकत नाही, प्रामाणिकपणे भरणाऱ्याला वाईट वाटणारच. पण ख्रिस्ती माणसानं माफी म्हणजे फुकटेपणा असं म्हणू नये एवढंच माझं म्हणणं, कारण अनुवाद 15 मध्ये दर सात वर्षांनी कर्ज सोडून द्यायची आज्ञाच आहे, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला उसनं द्यायला हात आखडू नको हेही तिथेच लिहिलंय. बँका माफीनंतर कर्ज द्यायला का कू करतात हा आजचा प्रश्न तिथे आधीच धरलेला आहे! इथे जर्मनीत माणूस बुडाला तर कोर्टात अर्ज करता येतो, 2020 च्या ऑक्टोबरपासून मुदत सहाची तीन वर्षं केलीये, तेवढी वर्षं नियमानं राहिलं, कमाईतला ठरलेला भाग भरला, की उरलेलं बहुतेक कर्ज सुटतं. प्रोटेस्टंट चर्चची डियाकोनी ठिकठिकाणी कर्जबाजारी लोकांसाठी सल्ला केंद्रं चालवते, कागद लावून देतात, बँकेला पत्र लिहितात. मला वाटतं आमच्या मंडळीला स्लॅबच्या आधी असा एक माणूस पाहिजे, जो सातबारा आणि सोसायटीचे कागद घेऊन त्या दोन बायांसोबत तालुक्याला जाईल.

आणि सरवा. बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19 व्या अध्यायात, आहे की शेताचे कोपरे झाडून कापू नका, पडलेला सरवा, म्हणजे कापणीनंतर वावरात राहिलेलं, वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. बायबलातली विधवा रूथ तोच वेचत होती. स्टुटगार्ट स्टेशनवर मी पहिल्यांदा पाहिलं की लोक पाण्याची रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी ठेवतात. एका बाटलीचे दुकानात परत दिल्यावर 25 सेंट मिळतात, आणि एक म्हातारे गृहस्थ मोठी निळी पिशवी घेऊन त्या गोळा करत होते, नीट कोट घातलेले, कोणाकडे न पाहता. पेटीत हात घालायला लागू नये म्हणून बाजूला ठेवायची. मला एकदम घरचं सोयाबीन आठवलं. तेव्हापासून मी पण तशीच ठेवते, आणि हॉस्पिटलच्या पँट्रीतल्या पण जमवून नेते.

यंदाचे माझे पैसे मी पाळकांना, म्हणजे आमच्या पास्टरांना, कळवलंय की त्या दोघींच्या पीककर्जात भरायचे, नाव कुठेही वाचायचं नाही. त्यांनी अजून हो म्हटलं नाही, कमिटीत ठेवतो म्हणाले. ठेवू दे, मी वाट पाहीन, आणि कमिटीत कोणाला राग आला तर मला फोन करा, मी बोलायला तयार आहे.

काल मायचा फोन आला होता. सोयाबीन निघालं, मळणी झाली, आता हरभऱ्यासाठी वखर फिरवायचा तर जमिनीतली ओल चाललीये म्हणून बाबांना घाई. पण वावरात तांड्यावरच्या दोन बाया पोरं घेऊन शेंगा वेचत होत्या. माय म्हणाली, "म्या सांगतलं त्याईले, सोमवारपर्यंत वखर धरू नका, त्यायचं होऊ द्या." बाबा काय म्हणाले विचारलं तर म्हणाली, "काई नाई, बैल सोडले अन् बसले धुऱ्यावर."