पोकळी खरी की फसवी?

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा तक्ता भिंतीवर फार समंजस दिसतो. चार प्रश्न, त्यांना फुटलेले बाण आणि शेवटी संघाचं, म्हणजे प्राण्यांच्या मोठ्या गटाचं, नाव. माझं डोकं उठतं ते टेबलावर खरा प्राणी येऊन पडला की.

पहिला प्रश्न सममितीचा. मध्यातून कोणत्याही रेषेवर कापून अर्धे सारखे पडले तर अरीय, एकाच रेषेवर पडले तर द्विपार्श्व. तारामासा बघावा तर पाच हातांचा, म्हणून जेलीफिशशेजारी ठेवावा, तर त्याचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, चक्क द्विपार्श्व! गोलाईची हौस साहेबांना मोठेपणी आलेली. मग उचला त्याला आणि बसवा कणेवाल्यांच्या, म्हणजे आपल्या पंगतीला.

जननस्तर, म्हणजे भ्रूणातले पेशींचे थर, दोन की तीन, हे भ्रूणालाच विचारावं लागतं. ते सोडू.

खरा छळ देहगुहेचा. शरीरभित्ती आणि आतडं यांच्यामध्ये पोकळी आहे का? चपट्या कृमीत नाही, विषय मिटला. गांडुळात आहे आणि तिला दोन्ही अंगांनी मध्यजनस्तराचं, म्हणजे त्या थरांतल्या मधल्याचं, अस्तर आहे, म्हणून ती खरी. जंतात पोकळी तेवढीच ऐसपैस, पण अस्तर फक्त भिंतीकडून, आतडं उघडंच. म्हणून ती फसवी. तिने कुणाला फसवलं, देव जाणे! आडवा छेद घेतलात तर आधी आतड्याच्या बाहेरच्या अंगाला स्नायूंचा थर शोधा. तो नसेल तर जंत. झुरळाच्या बाबतीत मात्र सावध. आत दिसणारी मोठी मोकळी जागा रक्ताची असते. खरी देहगुहा आक्रसून नावापुरती उरलेली. परीक्षेत इथे हमखास मार्क जातात.

चौथा प्रश्न जरा नाजूक आहे. भ्रूणाच्या गोळ्याला पडणाऱ्या पहिल्या भोकाचं पुढे काय होतं? तोंड झालं तर आद्यमुखी: गोगलगाय, गांडूळ, कीटक वगैरे. आपल्या आणि तारामाशाच्या गटात तिथे गुदद्वार होतं, तोंड मागाहून. माणसाने स्वतःला प्रगत म्हणताना हे आठवावं. ही वाटणी 1908 ची. पण प्रिअ‍ॅप्युलस नावाचा कृमी नात्याने आद्यमुख्यांचा असूनही त्या भोकाचं गुदद्वारच करतो.

मोठेपणीच्या रूपावर माझा काडीचा विश्वास नाही. कवचात बसून खडकाला चिकटलेल्या बार्नेकलला क्युव्हिएसारख्या प्राणिशास्त्रातल्या दिग्गजाने मृदुकायांत, म्हणजे गोगलगाय-शिंपल्यांत, टाकलं होतं. 1830 मध्ये थॉम्पसन या निसर्ग-अभ्यासकांनी त्याचा पोहणारा डिंभ दाखवला, तेव्हा तो खेकडा-कोळंबीचा भाऊबंद ठरला. सॅक्युलिना ही बार्नेकलचीच परजीवी बहीण तर खेकड्याच्या अंगात मुळांसारखी पसरते. पाय नाहीत, खंड नाहीत, तोंडही नाही. डिंभ पाहिला नाही तर तक्ता गुंडाळून ठेवावा.

डीएनए आला आणि वाटलं, सुटलो. स्वीडनच्या समुद्रतळावरच्या चिखलातली झेनोटर्बेला ही कृमीसारखी बाई 1997 मध्ये डीएनएवरून शिंपल्यांची नातेवाईक ठरली. 2003 मध्ये उलगडा झाला: तो डीएनए तिने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. आता तक्त्याकडे परत जावं, तर बाईंना देहगुहा नाही आणि गुदद्वारही नाही. चौथा प्रश्न विचारणार कसा?