खेळातून इंग्रजी शब्द शिकवताना बाद कोण होते?

महाराष्ट्रातील सर्व शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय सन २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, अमलात आला. त्यावर तेव्हा झालेला वाद येथे उकरून काढायचा नाही. मुले लहान वयातच इंग्रजी शिकणार आहेत हे आता गृहीत आहे, म्हणून ती कशी शिकतात इकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या वयोगटासाठी खेळावर आधारित शिक्षणाचा आग्रह धरला, तेव्हापासून ‘खेळातून इंग्रजी’ ही शब्दयोजना बालवाड्यांच्या फलकांवरही झळकू लागली आहे. परंतु खेळ म्हणून जे चालते त्यातले बरेचसे म्हणजे तोंडी परीक्षाच असते, आणि तीही अशी की ज्याला शब्द येत नाही तोच सर्वांत आधी बाद होतो.

बाई चित्रकार्ड दाखवतात, जो आधी नाव सांगेल त्याला टाळ्या मिळतात आणि जो चुकेल तो खाली बसतो. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी कानावर पडते ते शेवटपर्यंत उभे राहते, तर ज्याला तो शब्द आणखी दहा वेळा ऐकायला मिळायला हवा होता ते पहिल्याच फेरीत भिंतीला टेकून बसते. सरावाची गरज ज्याला अधिक, त्याच्याच वाट्याला सराव कमी, असे हे उफराटे गणित आहे.

यावर उपाय अवघड नाही. आपल्याकडचा ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ घ्या. ‘शिवाजी सेज, टच युअर नोज’ असे म्हटल्यावर मुलाला काही बोलावे लागत नाही, नाकाला हात लावला की शब्द कळल्याचे दिसते. आणि नाही कळला तरी शेजारच्याकडे पाहून ते हात लावते. या ‘नक्कल करण्याला’ मुळीच हरकत घेऊ नये, कारण शब्द आणि कृती यांची गाठ तेथेच पडत असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात हेच तत्त्व मांडले की, नवी भाषा शिकणाऱ्याला आधी ऐकून शरीराने प्रतिसाद देऊ द्यावा, बोलण्याची घाई करू नये. मूळ खेळात चुकणारा बाद होतो. तेवढा नियम काढून टाकावा आणि चुकणाऱ्याने एक उडी मारून खेळात राहावे. उडी मारायला मिळावी म्हणून काही मुले मुद्दाम चुकतात, तेही चालवून घ्यावे.

बोलण्यासाठी मला थैलीचा खेळ सर्वांत भावतो. कापडी पिशवीत चमचा, किल्ली, कंगवा, बांगडी, कांदा अशा घरातल्या वस्तू टाकायच्या. एक मूल आत हात घालून कोणतीही एक वस्तू मुठीत धरते आणि बाकीची ‘इज इट अ स्पून?’, ‘इज इट अ की?’ असे विचारत राहतात. हात घातलेल्या मुलाला फक्त ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणायचे असते. ज्याला सर्वांत कमी इंग्रजी येते त्यालाच आधी बोलवावे, कारण सगळ्यांना हवे असलेले गुपित त्या क्षणी एकट्या त्याच्याजवळ असते आणि ते ओठ दाबून हसू आवरत ‘नो’ म्हणते. तोच प्रश्न वर्गाने वीस वेळा विचारला तरी कोणी कंटाळत नाही. फळ्यावर लिहून तो वीस वेळा घोकून घेऊन पाहावा!

शब्द निवडताना एबीसीडीच्या तक्त्यावर विसंबू नये. ‘वाय फॉर यॉट’, ‘एक्स फॉर झायलोफोन’ हे शब्द अक्षरांच्या सोयीसाठी तेथे आलेले असतात, मुलांच्या सोयीसाठी नव्हे. ज्या मुलाने यॉट पाहिलेली नाही त्याला बकेट आणि ब्रूम हे शब्द आधी मिळावेत. स्पेलिंगचे तर या वयात नावच काढू नये. शब्द कानाला आणि जिभेला परिचित झाल्यावर लिहायला वेळ लागत नाही.

मोबाइलवरील खेळांविषयी थोडक्यात सांगायचे तर त्यांतील उच्चार चांगले असू शकतात, पण पडद्यावर बोट लावून उत्तर देणाऱ्या मुलाला समोरच्या माणसाला काही विचारण्याची गरजच पडत नाही.

‘इतक्या खेळात पुस्तक कधी पूर्ण होणार?’ अशी तक्रार शिक्षक करतात आणि ती खोटी नाही, विशेषतः दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात तेथे. मात्र थैलीच्या खेळाला दहा मिनिटे पुरतात, तिसरीची मुले पहिलीच्या मुलांना तो खेळवू शकतात, आणि आठवड्याला सहा-सात नवे शब्द टाकून जुन्यांपैकी काही थैलीत तसेच राहू दिले तर उजळणीसाठी वेगळा तास काढावा लागत नाही.