खुलासा : मुरमाच्या खाणीचा उभा कडा
“खाणीचा कडा दोन पावसाळे टिकला, म्हणजे काठावरच्या घरांना धोका नाही,” असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. कोरडी, सुटी खडी ओतली की ढिगाचा उतार साधारण 30 ते 45 अंशांवर थांबतो. त्याहून उभा कडा टिकतो तो बराचसा थोड्या ओलाव्याच्या आणि मातीच्या पकडीवर. जास्त पाणी मुरलं की ही पकड सुटते, वर वजनही वाढतं.

उतारांची तपासणी हेच माझं काम. काल काठापासून चार पावलांवर कुंपणाला समांतर भेग दिसली, बोटभर रुंद. ही घसरणीची पहिली खूण असू शकते. घराचं अंतर, खाणीची खोली, पाण्याची पातळी धरून हिशेब केल्याशिवाय ‘सुरक्षित’ म्हणता येत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.