निःपक्षपाती पूरविश्लेषक कसा ओळखावा

पावसाळा तोंडावर आला की सांगलीत छत्र्यांबरोबर पूरविश्लेषकही बाहेर निघतात आणि त्यांतला निःपक्षपाती कोण, हे ठरवण्याची जबाबदारी आपल्यासारख्या सुजाण नागरिकांवर येऊन पडते. मागच्या आठवड्यात अशाच एकाची चित्रफीत मी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तेव्हा ती कोणी पाहून संपवण्याआधीच तो विकला गेल्याचा निकाल लागला. ही निकालपद्धती नवशिक्यांसाठी लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम आडनाव पाहावे. त्यावरून काही उमगले नाही, तर गाव विचारावे. ते बेळगावच्या बाजूचे निघाल्यास पुढचे ऐकण्याची गरज उरत नाही.

तो आपल्या मताचा असेल, तर तो निःपक्षपाती आहे.

आकड्यांबाबत मात्र सावध असावे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, एवढे तो सांगतो तोवर त्याला अभ्यासू म्हणावे. कृष्णेवरच्याच कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास त्याने विरोध केला, तर थेट सत्कार ठेवावा. पण पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नव्हते, असे तो त्याच दमात म्हणाला, की सत्कार रद्द करून त्याला कर्नाटकातून किती पैसे पोचले याची चौकशी सुरू करावी. आमच्याकडे नेमके हेच घडले. अलमट्टीची उंची वाढल्यास अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे किती येईल ते तपासलेच पाहिजे, असेही त्या बिचाऱ्याने म्हटले होते. कोयना-वारणेचा विसर्ग आणि ओढ्यांवरची बांधकामेही मांडली होती. त्यातला एकही आकडा कोणी खोडला नाही. चित्रफितीच्या मध्ये कन्नड चित्रपटाची जाहिरात का दिसली, हा मात्र पुरावा ठरला. जाहिरात बहुधा पाहणाऱ्याच्या फोनवरून ठरते, असे मी सांगताच मलाही त्याच टोळीत जमा करण्यात आले.

तो दोन्ही सरकारांवर टीका करत असेल, तर तो तिसऱ्याच कोणाचा तरी माणूस असतो.

आता सरळच बोलतो. तुम्हाला विश्लेषक नको आहे, वकील हवा आहे, आणि तोही फुकट. कल प्रत्येकालाच असतो. आपल्या बाजूला अडचणीचा आकडा तो लपवतो का, चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करतो का, एवढे दोन प्रश्न विचारायला तुम्हाला कधी सवड झाली नाही. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणून जी निळी रेषा आखली आहे, तिच्या आत भराव टाकून गाळे बांधणारे तुम्ही, २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचनाम्यासाठी पुढे धावणारेही तुम्ही, आणि त्या भरावाचे नाव घेणारा तेवढा विकला गेलेला! त्याला किती मिळाले ते नंतर पाहू; आधी तुमच्या भरावाला परवानगी कोणी दिली, तो कागद ग्रुपवर टाका.