मॅकच घे म्हणणाऱ्यांनो, हिशोब तरी करा
लॅपटॉप घ्यायचाय म्हटलं की जो तो एकच टेप लावतो, 'मॅकच घे, पुढची कित्येक वर्षं बघायला नको'. अरे पण पैसे? ॲपलचा मॅकबुक एअर, एम4 चिपवाला, 2025 च्या मार्चमध्ये आला तेव्हा 99,900 रुपयांपासून, मशीन भारीच आहे, 16 जीबी रॅम, बॅटरी दिवसभर, सगळं मान्य, पण स्टोरेज फक्त 256 जीबी! 512 हवं तर तेव्हा सरळ 20 हजार जास्त होते, आणि ते घेतानाच ठरवायचं कारण एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायची चिप, बोर्डालाच सोल्डर केलेली, नंतर वाढवता येत नाही. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपला मागचं झाकण उघडून कितीतरी स्वस्तात बदलून मिळते.

बरं, आमच्याकडे बाबांच्या दुकानाचं टॅली आहे, हिशोबाचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर, ते मॅकवर थेट चालतच नाही, आणि ॲपलची स्वतःची एम चिप आल्यापासून बूटकॅम्पही, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची सोय, गेलं. हे बोललं की लगेच, 'मग पॅरलल्स टाक ना!' अहो मॅकच्या आतच विंडोज चालवणारं ते सॉफ्टवेअर, तेही विकतच घ्यायचं, त्यात परत विंडोज टाकायचं, ती सगळी जागा त्याच 256 मधून जाणार, मग घरातले फोटो न् व्हिडिओ ठेवू कुठे?